मोबाइलवरचा रक्तदाब : गोड आकडा आणि खरा आकडा

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहावे, असे चिटणिसांनी आम्हांस सुचविले होते. शिक्षकाने शिक्षणाविषयी लिहिणे हे रीतीला धरूनच आहे. परंतु गेली काही वर्षे संस्थेच्या मोफत तपासणी शिबिरात नोंदी उतरवून घेण्याचे काम आमच्याकडे असते आणि त्या टेबलाशी बसल्या बसल्या जे कानी पडते, त्यामुळे दुसराच एक विषय आमच्या मनात घोळत राहिला आहे. शिबिरास येणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळजण आता हातात मोबाइल धरूनच येतात आणि डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधण्यापूर्वीच, "माझे बीपी अगदी नॉर्मल आहे, हे पाहा," म्हणून पडदा पुढे करतात. तो आकडा आला कोठून, असे विचारावे तर कोणी म्हणतो घरच्या यंत्रातून, कोणी म्हणतो मनगटावरच्या घड्याळातून, आणि कोणी म्हणतो, "कॅमेऱ्यावर बोट ठेवले की आपोआप येतो." पडद्यावर हे तिन्ही आकडे एकसारखेच दिसतात. ठळक अक्षरे, हिरवा रंग, खाली हसरा चेहरा. वस्तुतः या तिघांच्या योग्यतेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि ते कोणते, हे आपल्या कुटुंबीयांस नीट समजावे म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही वैद्य नव्हे, विज्ञान शिकविणारे शिक्षक आहोत. तेव्हा औषधपाण्याविषयी येथे काही सांगणार नाही. मोजणे म्हणजे काय, एवढ्यापुरतेच बोलू.

रक्तदाब हा शब्द आपण रोज उच्चारतो, पण तो मोजतात कसा याचा विचार क्वचितच करतो. हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त धमन्यांच्या भिंतींवर जोर देते. तो वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हाही थोडा दाब शिल्लक राहतो, तो खालचा. हा दाब पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर उंच उचलू शकतो, यावरून १२० व ८० असे आकडे आले. इटलीतील डॉक्टर स्किपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाला हवेचा पट्टा बांधून हा दाब मोजण्याची सोपी रीत काढली, आणि १९०५ साली रशियातील शल्यवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्टा सैल करताना धमनीत उमटणारे ठोके नळीने ऐकण्याची युक्ती दाखविली. आपल्या लहानपणी डॉक्टर रबराचा फुगा दाबीत आणि कानात नळी घालून पाऱ्याकडे टक लावून पाहत, ते याच दोघांचे देणे. आजचे सेलवर चालणारे घरगुती यंत्र ठोके ऐकत नाही. पट्ट्यातील हवेला नाडीमुळे जी सूक्ष्म थरथर सुटते ती टिपून ते आकडा काढते. परंतु मूळ तत्त्व तेच आहे. पट्टा धमनीवर बाहेरून दाब टाकतो आणि आतील दाब त्याच्याशी झुंजतो. झुंज होते म्हणूनच मोजमाप होते.

आता कॅमेऱ्यावर बोट ठेवण्याचा प्रकार पाहू. मोबाइलचा दिवा बोटाच्या पेरावर प्रकाश टाकतो. दर ठोक्यास पेरात रक्त थोडे अधिक येते, तितका प्रकाश अधिक शोषला जातो आणि कॅमेरा तो फरक टिपतो. यावरून मिनिटाला नाडीचे ठोके किती, हे बऱ्यापैकी बरोबर सांगता येते. यात लबाडी काही नाही. परंतु ठोके मोजणे निराळे आणि दाब मोजणे निराळे. नळातून मिनिटाला किती थेंब गळतात हे मोजून गच्चीवरील टाकीत पाणी किती उंचीवर आहे हे कोणी सांगू लागला, तर आपण त्यास विचारू की बाबा, मधली नळी रुंद आहे की अरुंद, जुनी आहे की नवी, तोटी किती उघडी आहे, हे तुला ठाऊक आहे काय? बोटाच्या पेरावरून दाब सांगणाऱ्यास हाच प्रश्न आहे. या दिशेने संशोधन जगभर चालू आहे, हे खरे. पण संशोधन चालू असणे आणि आजच्या आज त्यावर औषधाची गोळी चुकविणे, यांत फार मोठी दरी आहे.

या दरीत अमेरिकेतील हजारो लोक एकदा पडले. ती हकीगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. जून २०१४ मध्ये तेथे 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचे एक अॅप आयफोनसाठी विक्रीस आले. किंमत पाच डॉलरच्या आत. मोबाइलची वरची कड छातीच्या डाव्या बाजूस टेकवावयाची, तर्जनी कॅमेऱ्यावर ठेवावयाची, की थोड्याच वेळात रक्तदाब हजर! पट्टा नको, यंत्र नको. जुलै २०१५ अखेर ते बाजारातून गेले, परंतु तत्पूर्वी दीडशेहून अधिक दिवस ते तेथील सर्वांत जास्त खपणाऱ्या पन्नास अॅपांत होते आणि त्या दिवसांतच निदान १,४८,००० प्रती खपल्या असाव्यात, असा हिशेब नंतर निघाला. ग्राहकांचे अभिप्रायही चांगले होते. तारेच तारे.

पुढे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टरांनी ८५ माणसांवर या अॅपची आणि पट्ट्याच्या प्रमाणित यंत्राची तुलना केली. २०१६ च्या मार्चमध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, अशा दर पाच माणसांपैकी जवळजवळ चौघांना या अॅपने 'वाढलेला नाही' असे सांगितले होते. वरच्या आकड्यात सरासरी चूक १२ मिलिमीटरांच्या आसपास होती. पण चुकीच्या मापापेक्षा तिची दिशा आम्हांस अधिक बोलकी वाटते. ज्यांचा दाब जास्त, त्यांस अॅप कमी दाखवी. ज्यांचा कमी, त्यांस जास्त. म्हणजे प्रत्येकास ओढून मध्यावर आणून बसवी.

हे कसे घडते ते आमच्या धंद्यातील उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्या शिक्षकाने उत्तरपत्रिका न तपासताच सर्वांस शंभरापैकी पन्नासच्या जवळपास गुण देऊन टाकले. कोणास अठ्ठेचाळीस, कोणास बावन्न. वर्गात बहुसंख्य मुले मध्यमच असतात, तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत हा आकडा फारसा चुकणार नाही. पालकही तक्रार करणार नाहीत. पन्नास गुण वाचून कोण भांडावयास येतो? परंतु परीक्षा घ्यावयाची ती मुख्यतः ज्या चार-दोन मुलांस काही येत नाही ती वेळीच हेरण्यासाठी, आणि नेमकी तीच मुले 'पास' म्हणून घरी जातील. रक्तदाबाच्या यंत्राचे काम हेच आहे. निरोगी माणसास निरोगी म्हणणे मुळीच कठीण नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या हिताचे रक्षण करणाऱ्या सरकारी आयोगाने, या अॅपच्या कंपनीविरुद्धचे प्रकरण तडजोडीने मिटविले. सुमारे ५,९६,००० डॉलरचा निवाडा झाला. परंतु कंपनीची ऐपत नाही म्हणून वसुली स्थगित ठेवण्यात आली. कंपनीच्या प्रमुखाने स्वतःच आपल्या अॅपास पाच तारे देणारा अभिप्राय लिहिला होता, असाही आयोगाचा आरोप होता. तो एक अभिप्राय सोडून देऊ. बाकीचे तारे देणारे लोक तर खरेच होते. त्यांनी ते का दिले?

हाच प्रश्न त्या जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींसही पडला आणि २०१८ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. वापरणाऱ्यास या अॅपचा अनुभव कसा आला, तो आकडा त्यास कितपत खरा वाटला आणि पुन्हा वापरावेसे वाटले काय, याची त्यांनी विचारपूस केली होती. निष्कर्ष असा निघाला की, खोटा का होईना, पण दिलासा देणारा आकडा दिसल्यामुळे वापरणाऱ्यांचा अनुभव सुखाचा झाला असावा, त्यामुळे अभिप्राय चांगले आले असावेत आणि खपही वाढला असावा. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, अॅपचा जो दोष होता तोच त्याचा विक्रेता ठरला.

आम्हांस या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. हल्ली कोणतेही अॅप घेताना आपण त्याचे तारे पाहतो, वापरणाऱ्यांचे अनुभव वाचतो, आणि बहुतेक ठिकाणी ते योग्यही आहे. रेल्वेच्या तिकिटाचे अॅप वाईट असेल तर डब्यात चढताच कळते. जागा असते किंवा नसते. गॅसचा सिलिंडर नोंदविण्याचे अॅप चुकले तर चूल बोलते. परंतु वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. अॅपने १२२ दाखविले आणि खरा १६४ असला, तर वापरणाऱ्यास तो फरक जाणवावयास कोणतेही साधन त्याच्या शरीरात नाही. मग तो तारे कशावरून देतो? पडदा सुंदर आहे, काम झटपट होते आणि आकडा मनासारखा येतो यावरून. म्हणून या एका बाबतीत तरी वापरणाऱ्याचा अनुभव हा अॅपच्या खरेपणाचा साक्षीदार होऊ शकत नाही. मग तो अनुभव हजारांचा असो वा लाखांचा.

ते अमेरिकन अॅप गेले. पण कल्पना गेली नाही. आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाच्या मोबाइलवर तशाच जातीचे एक फुकट अॅप होते. नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही त्याचाच एक प्रयोग करून पाहिला. मुलाने बसल्या जागी बोट ठेवले : नाडी ७८, दाब ११८/७६. मग त्यास शाळेच्या जिन्यावरून चार वेळा धावत वर-खाली पाठविले आणि धापा टाकीत असतानाच पुन्हा बोट ठेवावयास सांगितले : नाडी १२६, दाब ११९/७७. पट्ट्याच्या यंत्राने त्याच वेळी वरचा आकडा १५० च्या पुढे दाखविला. व्यायामाने दाब तात्पुरता वाढतो, त्यात चिंतेचे काही नाही. मुलांच्या ध्यानात आले ते एवढे की अॅपने नाडी पाहिली, दाब मात्र पाहिलाच नाही. शेवटच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, हे अॅप सगळ्यांना पास करते!" आम्हांस वर्गात त्याहून अधिक काही समजावून सांगावे लागले नाही.

घड्याळांविषयीही लोक विचारतात. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत रक्तदाबाची सोय आहे, त्यांत दर चार आठवड्यांनी खऱ्या पट्ट्याच्या यंत्राशी ताडा जुळवून घ्यावा, अशी कंपनीचीच अट आहे. म्हणजे पट्टा सुटला असे तीही म्हणत नाही. ॲपलने २०२५ मध्ये आपल्या घड्याळात जी सूचना आणली तीत आकडाच नाही. तीस दिवसांच्या नोंदी पाहून 'उच्च रक्तदाबाची चिन्हे दिसतात, पट्ट्याच्या यंत्राने सात दिवस मोजा व डॉक्टरांस दाखवा' एवढेच ते सांगते, आणि सर्वच रोगी यातून हेरले जाणार नाहीत हेही सांगते. आकडा दाखविला असता तर गिऱ्हाइकास अधिक आवडले असते. न दाखविण्याचा संयम आम्हांस मानण्यासारखा वाटला. साखरेच्या बाबतीत तर गोष्ट अधिकच स्पष्ट आहे. कातडीस न टोचता रक्तातील साखर मोजणारे कोणतेही घड्याळ अथवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, त्यावर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर चिकटविण्याच्या ज्या चकत्या मधुमेही वापरतात त्यांची बारीक तार कातडीखाली जाते, त्या निराळ्या. बाजारात व प्रदर्शनांत हजार-दीड हजारास मिळणारी 'शुगरवाली' घड्याळे घेऊन लोक शिबिरास येतात, तेव्हा त्यांचा हिरमोड करणे आमच्या जिवावर येते. पण करावा लागतो.

याचा अर्थ मोबाइल टाकून द्यावा असा मुळीच नाही. खऱ्या पट्ट्याने मोजलेला आकडा जपून ठेवणे, तारीखवार लावणे, आठवड्याची सरासरी काढणे, या कामी मोबाइलसारखा कारकून नाही. काही यंत्रे तर मोजलेला आकडा बिनतारी मार्गाने आपणहून मोबाइलवर पाठवितात. मग या कारकुनात काय गुण असावेत आणि काय नसावेत, याविषयी शिबिरात जे दिसले ते थोडेसे सांगतो.

पहिली अडचण भाषेची. आपल्या बेळगावकडे एकाच घरात आजोबांना मराठी वाचता येते, सुनेचे शिक्षण कानडीतून झालेले असते आणि नातवंडे इंग्रजीतून शिकतात. अॅपमध्ये मराठी असलीच तर ती पुष्कळदा यंत्राने केलेली असते. एका अॅपात आकडा जपून ठेवण्याच्या बटणावर 'वाचवा' असे लिहिलेले होते. लाल रंगात १५८ आणि त्याखाली 'वाचवा'! ते पाहून एक वृद्ध गृहस्थ इतके घाबरले की त्यांनी मुलास दुकानातून बोलावून घेतले. हसण्याचा भाग सोडला तरी अशा ठिकाणी धड मराठीचे दोन शब्द हा काही शोभेचा अलंकार नव्हे.

दुसरी अडचण रंगाची. लाल रंग दिसला की मनुष्य घाबरतो, लगेच पुन्हा मोजतो, घाबरल्यामुळे आकडा आणखी वर जातो, पुन्हा लाल. आमच्या शेजारच्या एक काकू एका रात्रीत अकरा वेळा पट्टा आवळून बसल्या होत्या. याउलट दुसराही एक स्वभाव आहे. मनासारखा आकडा येईपर्यंत मोजीत राहावयाचे आणि तेवढाच जपून ठेवून बाकीचे पुसून टाकावयाचे. प्रगतिपुस्तकात केवळ चांगले गुण चिकटवून बापापुढे धरण्यासारखेच हे आहे आणि मोठी माणसे ते करतात, मुले नव्हे. काही अॅपे रोज मोजल्याबद्दल पदके देतात, 'सलग एकवीस दिवस, शाबास!' म्हणतात. त्याने सवय लागते हे खरे. पण पदक मोजण्याबद्दल असावे, कमी आकड्याबद्दल असू नये. आकड्यास शाबासकी मिळू लागली की आकडा 'सुधारू' लागतो.

आलेखाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. मोबाइलचा पडदा लहान, म्हणून अॅप उभी मोजपट्टी पुष्कळदा शून्यापासून न धरता ११५ ते १३५ एवढीच धरते. मग १२२ वरून १२८ वर गेलेली रेघ सह्याद्रीच्या कड्यासारखी दिसते. सकाळ-संध्याकाळ इतका फरक अगदी स्वाभाविक असतो. आलेख पाहण्यापूर्वी डाव्या कडेचे आकडे पाहावेत, हे आम्ही आठवीच्या मुलांस शिकवितो. घरातील मोठ्यांसही मुलांनी ते शिकवावे.

आणि आता कुटुंबाची गोष्ट. अॅपातील नोंदी दूर असलेल्या मुलांस दिसाव्यात अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते. मुलगा दुबईस, मुलगी पुण्यास, आईवडील येथे एकटे. अशा घरांस ही सोय देवदूतासारखी वाटावी. एका घरी असे झाले की आईने जेवणानंतरची साखर मोजली, १९४ आली, आणि पाच मिनिटांत दुबईहून फोन : "अम्मी, काल वलीम्याला काय खाल्लेस?" असे चार-पाच वेळा झाल्यावर त्या माऊलीने मोजणेच बंद केले. विचारले तेव्हा म्हणाली, "मला साखरेचे काही वाटत नाही सर, पोराच्या बोलण्याचे वाटते." मुलगा वाईट नव्हता, जिवापाड काळजी करणारा होता. पण प्रत्येक आकड्याबरोबर लगेच घंटा वाजावी की आठवड्याची सरासरी रविवारी एकदा दिसावी, हे अॅपात ठरविता येत होते आणि ते कोणी ठरविलेच नव्हते. पुढे त्यांनी तसे ठरवून घेतले. आता रविवारी बोलणे होते, त्यात साखरेखेरीज इतर गोष्टीही निघतात, असे ऐकतो.

घंटेवरून आठवले. जेवणाच्या वेळा ठरलेल्याच असणार, असे समजून रचलेली अॅपे रमजानात भलतीच वागतात. दुपारी एक वाजता 'जेवणानंतरची नोंद राहिली' म्हणून टोचतात. एकादशीस शेजारच्या घरीही तीच घंटा वाजते. ही केवळ गैरसोय नव्हे. मधुमेहावर औषध घेणाऱ्याने रोजे ठेवावेत की नाही हे आधी डॉक्टरांस विचारावयाचे असते, आणि ठेवले तर एरवीपेक्षा अधिक वेळा साखर तपासावयाची असते. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा तत्काळ सोडावा, असे इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही त्यात आहे. पुष्कळ वडीलधारी माणसे केवळ या शंकेमुळे दिवसभर तपासणी टाळतात. तेव्हा सहरी व इफ्तारप्रमाणे वेळा बदलता येतील असेच अॅप घ्यावे, आणि ते जमत नसेल तर घंटा बंद करून घरातील कोणीतरी आठवण करावी.

आपल्या नोंदी कोठे जातात, हाही प्रश्न आहेच. फुकट अॅप पुष्कळदा जाहिरातींवर जगते, आणि ज्याला साखर आहे त्याला काय विकावे हे जाहिरातदारास जाणून घ्यावयाचे असते. अमेरिकेत गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या कंपनीने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीच्या कंपन्यांस पुरविल्याबद्दल २०२३ मध्ये तिच्यावर १५ लाख डॉलरचा दंड बसला. आपल्याकडेही त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. तूर्त साधा नियम एवढाच : रक्तदाब लिहून ठेवणारे अॅप तुमचे संपर्क, छायाचित्रे आणि तुम्ही कोठे आहात हे विचारू लागले, तर नकार द्यावा. नकार दिल्यावर ते चालेनासे झाले, तर ते काढून टाकावे.

अॅप कितीही चांगले असले तरी मोजण्याची पद्धत चुकली तर सारेच फोल. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी न घालता आणि पायावर पाय न टाकता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नव्हे. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा. हाताची ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण त्याच जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी २०२४ मध्ये दाखवून दिले की हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ४ ने आणि लोंबता ठेवला तर साडेसहाने खोटाच वाढतो. पट्टाही मापाचा हवा; बहुतेक यंत्रांबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो, आणि जाड दंडावर तोकडा पट्टा आवळला की आकडा फुगतो. मोजताना बोलू नये. टीव्हीवरच्या बातम्या बंद कराव्यात. आमच्या मते क्रिकेटही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत, सकाळी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी धरावी. घरी मोजलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असली तर डॉक्टरांस दाखवावयाची; दवाखान्यात जी रेषा १४०/९० ला आखतात तीच घरी जरा खाली येते.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइल पुढे करून बोटाने वर-खाली सरकवीत बसू नये. बाहेर वीस माणसे थांबलेली असतात. बऱ्याच अॅपांत सर्व नोंदींचा एका पानाचा तक्ता काढता येतो. तो छापून न्यावा. डॉक्टरांस एकेका दिवसापेक्षा सरासरी आणि सकाळ-संध्याकाळचा फरक पाहावयाचा असतो.

ज्यांना मोबाइल नको, त्यांच्यासाठी संस्थेच्या शिबिरात छापील तक्ता ठेवलेला आहे. तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी आणि 'आज काही विशेष' असे सहा रकाने त्यात आहेत. शेवटच्या रकान्यात झोप झाली नाही, गोळी राहिली, लग्नघरी गेलो होतो, असे जे असेल ते लिहावे; ते डॉक्टरांस फार उपयोगी पडते आणि बहुतेक अॅपांत त्यास जागा नसते. घरचे यंत्र शिबिरास बरोबर आणल्यास डॉक्टर त्याच दंडावर दोन्ही यंत्रांनी आळीपाळीने मोजून फरक किती पडतो ते तक्त्याच्या डोक्यावर लिहून देतात. येताना यंत्रात नवे सेल घालून आणावेत आणि पट्टा विसरू नये; गेल्या खेपेस तिघेजण नुसते यंत्र घेऊन आले होते.